मागच्या सीटवरच्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

दोन सीटच्या ग्लायडरमध्ये शिकणारा पुढे बसतो आणि शिकवणारा मागे. त्यामुळे वर असताना तुम्ही म्हणजे माझ्यासाठी फक्त पाठीमागून येणारा आवाज, आणि तोही अगदी मोजका. त्या मोजक्या बोलण्याबद्दल आभार मानायचे होते. चारचौघांत मानतोय, कारण ग्लायडिंग शिकायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना शिकवणारं माणूस कसं असावं याचा अंदाज येईल.

पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत, "ग्लायडर कायम खालीच येत असतं, हे आधी डोक्यात बसव." उंच जायच्या हौसेने आलेला मी जरा हिरमुसलोच. पण पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं राहिलं. इंजिन नाही, म्हणजे वेग राखायचा तर हवेतून सतत थोडं खाली घसरत राहायचं. साधारण सेकंदाला पाऊण मीटर. आता तीच हवा सेकंदाला दोन मीटरने वर चालली असेल, तर आपण घसरत असूनही सव्वा मीटरने वर जातो. बस्स, एवढंच गणित. पंख न हलवता, उंची न गमावता पक्षी तरंगत असेल तर वारा एकतर आडवा नाही किंवा सगळीकडे सारखा नाही, असं इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी १८८३ मध्येच मांडलं होतं. मला ते तुमच्या आवाजात कळलं.

मग तुम्ही जमीन वाचायला शिकवलंत. नांगरलेलं कोरडं रान, उघडा खडक, डांबर ही ठिकाणं लवकर तापतात. ओलं शेत आणि दाट झाडी मागे राहते. तापलेली हवा सुटून वर निघते, दर शंभर मीटरला जवळपास एक अंशाने गार होत जाते आणि दवबिंदू गाठला की तिथे ढग धरतो. ढगाचा तळ सपाट, गडद, कडा रेखीव असेल तर त्याच्याखाली जा. कडा विसविशीत झाल्या असतील तर तो संपत आलेला ढग, त्याच्या नादी लागू नकोस. हे कळल्यापासून चालत जातानाही माझी मान वर असते. घरचे वैतागले आहेत.

सगळ्यात मोठा उपकार मात्र व्हेरिओचा. तुम्ही त्याचा आवाज सरळ बंद करून टाकलात. ग्लायडर किती वेगाने वर चढतंय किंवा खाली उतरतंय, हे त्या यंत्रावर कळतं. १९२९ साली रॉबर्ट क्रोनफेल्ड शंभर किलोमीटरची मजल मारणारा पहिला ग्लायडरपटू ठरला, तेव्हा व्हेरिओ त्याच्या सोबत होता. असं हत्यार हातातून काढून घेतल्यावर राग येणारच. पण पुढच्या काही मिनिटांत जे झालं ते असं: आधी हवा खाली खेचायला लागली. मागून आवाज आला, "जवळच आहे." मग सीटखालून हलका रेटा. उजवा पंख कुणीतरी हळूच उचलल्यासारखा वर झाला. थर्मल, म्हणजे तापून वर निघालेल्या हवेचा झोत, उजवीकडे आहे, हे तो पंखच सांगत होता. उचललेल्या पंखाकडे वळायचं, अंगाला सुचतं त्याच्या नेमकं उलट. कॅनॉपीवरचा, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावरचा, लोकरीचा धागा (ग्लायडर हवेत तिरकं सरकत असेल तर तो बाजूला झुकतो) सरळ मध्यावर ठेवत कललो, आणि जमीन गोल फिरायला लागली.

आणि वास! तो कुणी आधी सांगितला नव्हता. झरोक्यातून ताज्या नांगरटीचा, मध्येच कुठल्यातरी धुराचा वास आत आला. हजारभर मीटरवर मातीचा वास येतो, कारण आपण ज्या हवेत बसलोय ती थोड्याच वेळापूर्वी जमिनीला टेकलेली असते. उंचीमापकाने जे पटलं नसतं ते नाकाने पटलं.

थर्मलमध्ये जो आधी शिरला त्याने धरलेल्या दिशेनेच बाकीच्यांनी फिरायचं, हा नियम तुम्ही पक्ष्यांनाही लागू केलात. दुसऱ्या एका थर्मलमध्ये आमच्या आधी एक घार होती, डावीकडे फिरत, म्हणून आम्हीही डावीकडे. ती आमच्यापेक्षा फारच आत, घट्ट फेरे घेत होती आणि भराभर वर निघून गेली. शेपूट मात्र सतत पिळत होती, कधी एक टोक खाली, कधी दुसरं. मागून फक्त, "तिच्याकडून शिक." अशा वेळी लांबलचक शिकवण्याचा मोह दुसऱ्या कुणाला टाळता आला नसता. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या काँडोर या प्रचंड गिधाडांवर उपकरणं लावून केलेला अभ्यास २०२० मध्ये आला. त्यातल्या एकाने पंख एकदाही न फडकवता पाच तासांहून जास्त वेळ, सुमारे १७२ किलोमीटर अंतर कापलं होतं. त्या घारीनंतर मला त्याचं नवल कमी आणि हेवा जास्त वाटला.

डोंगराच्या धारेवर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर येरझाऱ्या घालणं मला आजही फारसं रुचत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुमचा जीव त्यातच. ऑरव्हिल राइट १९११ साली इंजिनाशिवाय पावणेदहा मिनिटं हवेत राहिला तो वाळूच्या टेकडीवर चढणाऱ्या वाऱ्यावरच, हे तुम्ही मला किती वेळा ऐकवलंत! मान्य. पण थर्मल शोधावा लागतो, हातातून सुटतो, पुन्हा सापडतो; मला ती शोधाशोधच आवडते.

डोंगरलाटेबद्दल, म्हणजे डोंगर ओलांडल्यावर वाऱ्यात उठणाऱ्या लाटेबद्दल, मात्र उत्सुकता आहे. पर्लन २ हे ग्लायडर सप्टेंबर २०१८ मध्ये अर्जेंटिनात अशाच लाटांवर २३ किलोमीटरच्या वर गेलं. तेवढी हाव नाही. पुढच्या हंगामात नेईन म्हणाला होतात, ते विसरू नका. लाटेखालच्या रोटरमध्ये, म्हणजे गरगरणाऱ्या हवेत, ग्लायडर चांगलंच खडबडतं म्हणतात. पट्टे घट्ट आवळून बसेन, आणि व्हेरिओचा आवाज बंद करायचं काम या वेळी मीच करेन.

आपला विद्यार्थी