नंदूला पत्र : सोसायटीतला साक्षीदार

नागपूर,
तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय नंदू,

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच वकिली सुरू करतो आणि माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. म्हणून लिहून राहिलो. तब्येती ठीक. आईची शुगर आहे तिथे आहे, माझी पाठ आहे तशी आहे. आता मुद्द्याचं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतून गणपतीच्या वर्गणीचं पाकीट गेलं. खाली ऑफिसच्या टेबलावर होतं, दुपारी नव्हतं. आणि त्या दुपारी ऑफिसच्या पायरीवर आमचा ओम बसलेला होता, लाकडी बैल घेऊन. बैल पायरीवरून खाली उतरवायचा, पुन्हा वर चढवायचा, चाकं नीट सरळ लागली की पुन्हा खाली. सीमाचं वरून बाल्कनीतून लक्ष होतंच.

संध्याकाळी सगळे खाली जमले. कोणीतरी म्हणालं, "अहो, ओम होता ना तिथे! ही ऑटिझमवाली मुलं काही विसरत नाहीत. त्या पिक्चरमध्ये नाही का, तसल्याच पोरानं खुनी पकडून दिला." झालं. खुर्ची आली, चॉकलेट आलं. सेक्रेटरी त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि फार प्रेमानं विचारलं, "ओम बेटा, पाकीट कोणी नेलं? वॉचमनदादानं की कुरियरवाल्या दादानं?"

ओम म्हणाला, "कुरियरवाल्या दादानं."

स्पष्ट, खणखणीत आवाजात. नंदू, लोकांचे चेहरे पाहायला हवे होते तू. पिक्चर संपल्यावर लाइट लागतात ना, तसे उजळले. एकानं तर फोन काढला, कुरियरच्या ऑफिसात लावायला. तो पोट्टा वीस-बावीस वर्षांचा आहे बे, घरचा एकटा कमावता. रोज ओमला टाळी देतो, आणि ओम कोणाच्याही हाताला हात लावत नाही, त्याच्या लावतो.

तेवढ्यात सगळे ओमच्या जवळ सरकले आणि तो म्हणायला लागला, "कृपया दरवाज्यापासून दूर उभे राहा. कृपया दरवाज्यापासून दूर उभे राहा." त्यावर चौथ्या माळ्यावरच्या काकू म्हणाल्या, "दरवाजा! ऑफिसचा मागचा दरवाजा! तिकडून गेला तो!" दोन जण मागचा दरवाजा पाहायला धावले. सीमा जिन्यावरून ओरडली, "अहो, तो तुम्हाला दूर व्हायला सांगतोय!" मेट्रोत ऐकलेलं आहे ते. सीताबर्डीच्या गर्दीत एकदा त्याला फार त्रास झाला होता, तेव्हापासून माणसं अंगावर आली की तो हेच म्हणतो. आम्हाला दोघांना माहीत आहे. बाकी जगासाठी तो क्लू.

मी पुढे झालो आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ओम, पाकीट कुरियरवाल्या दादानं नेलं की वॉचमनदादानं?"

"वॉचमनदादानं."

"वॉचमनदादानं की सेक्रेटरी काकांनी?"

"सेक्रेटरी काकांनी."

मग कोणी काही बोललं नाही. थेरपीच्या ताईंनी आम्हाला हे सुरुवातीलाच दाखवलं होतं. पोळी हवी की भात, विचारलं तर भात. भात हवा की पोळी, विचारलं तर पोळी. तो शेवटचं उचलतो, कारण तुम्ही त्याच्याकडे तोंड करून काहीतरी मागून राहिले आहात आणि ते दिलं की तुम्ही थांबता. म्हणून आम्ही दोन्ही वाट्या समोर ठेवतो. जिला हात लावेल, ते त्याचं उत्तर. पाकीट रात्री सापडलं, खजिनदारांच्या स्कूटीच्या डिक्कीत, रेनकोटखाली. त्यांनीच घाईत ठेवलं होतं. ते वर येऊन माफी मागून गेले, विषय संपला. सोसायटीचा संपला. माझा नाही संपला, आणि तो तुझ्याशिवाय कोणाला सांगू, कारण तसल्या पिक्चरच्या सीड्या आपण दोघांनीच भाड्यानं आणल्या होत्या.

धरमपेठची तुझी खोली आठवते? मध्यंतराला सीडी थांबवून खुनी कोण ते सांगायचं, हरणाऱ्यानं तर्रीपोहे. तू दरवेळी डॉक्टरवर संशय घ्यायचा. आणि शेवटी लग्न केलं ते डॉक्टरशीच. (वहिनींना हे वाचून दाखव.) तिथेच 'मर्क्युरी रायझिंग' पाहिला, १९९८चा, ब्रूस विलिसचा. ऑटिझम असलेला नऊ वर्षांचा सायमन कोड्याच्या मासिकातलं कोडं सोडवतो आणि तो निघतो सरकारचा अब्जावधी डॉलरचा गुप्त कोड. 'सायलेंट फॉल'सुद्धा, १९९४चा, रिचर्ड ड्रेफस आणि लिव टायलरचा. त्यातला टिमही तसाच, तो आईबापाचा खून पाहतो आणि ऐकलेले आवाज त्याच्या तोंडून जसेच्या तसे निघतात. तेव्हा किती आवडले होते आपल्याला! पुढे ओमचं निदान झालं तेव्हा तू म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, तो सायमन आठव, यांना काहीतरी देणगी असतेच." त्यावरून मी दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोललो नव्हतो. धीर द्यायला म्हणाला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी तेव्हा जे म्हणालो तेच आज पुन्हा म्हणतो: देणगी असली तरच पोरगं आपलं, ही अट कोणी घातली?

हे 'देणगी'चं खूळ १९८८च्या 'रेन मॅन' या सिनेमानं घरोघरी पोचवलं. ज्या किम पीकवरून त्यातलं ऑटिझम असलेलं पात्र सुचलं, त्याची स्मरणशक्ती खरोखर अचाट होती, पण त्याच्या मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा भागच जन्मतः नव्हता, आणि त्याला ऑटिझम नसावा असंच पुढे तज्ज्ञांचं मत झालं. डॅरल्ड ट्रेफर्ट या डॉक्टरनं जन्मभर अशाच अचाट बुद्धीच्या माणसांचा अभ्यास केला. त्याच्या हिशेबानं ऑटिझम असलेल्या दहांतल्या एखाद्यात असं काहीतरी कौशल्य असतं, तेही बहुतेकांचं साधंच. उरलेले नऊ पडद्यावर येतच नाहीत, कारण त्यांच्याकडून कथेला काही मिळत नाही.

रात्री झोप लागली नाही म्हणून दोन्ही सिनेमे पुन्हा पाहिले. आणि एक गोष्ट दिसली, जी धरमपेठला आपल्याला दिसली नव्हती. दोन्हीकडे आईबाप सुरुवातीलाच मारले जातात. तू म्हणशील थ्रिलर आहे, कोणीतरी मरणारच. पण हेच का? विचार कर. सायमनची आई जिवंत असती तर तो काय म्हणतोय, कुठे लपला असेल, काय दिसलं की घाबरेल, हे तिनं पाच मिनिटांत सांगितलं असतं. रहस्य उभंच राहिलं नसतं. पोरगं बंद तिजोरी वाटावं म्हणून जिच्याकडे किल्ली आहे तिला आधी बाजूला करतात. मग एक थकलेला पोलिसवाला नाहीतर जुन्या जखमेचा डॉक्टर येतो, किल्ली शोधतो, आणि शेवटी पोरगं त्याला मिठी मारतं. थेटरात लोक रडतात. आणि त्या मुलाला आई गेल्याचं काय वाटलं, सकाळी तिनं ज्या पद्धतीनं दात घासून दिले ते आता कोण करणार, यावर कॅमेरा दोन मिनिटं थांबत नाही.

सीमा शेजारी बसून पाहत होती. तिनं मधेच टीव्ही बंद केला. काही बोलली नाही. मला कळलं ती कुठे पोचली ते. मीही तिथेच होतो.

आता वकिलाला विचारतो. तू एकदा रामदासपेठेत चहा पिता पिता मला सूचक प्रश्न म्हणजे काय ते समजावलं होतं. साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालणारा प्रश्न. सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, चालत नाही. उलटतपासणीत, म्हणजे समोरच्याच्या साक्षीदाराला विचारताना, चालतो. तेव्हा मी नुसतं हो हो केलं. आता ते उलटतपासणीचं आठवून पोटात गोळा येतो. पाकिटाचं सोड. खरंच काही झालं तर? त्याच्यासोबतच झालं तर? २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांची एकत्र मांडणी आली होती. अपंग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट. पडद्यावर आमची मुलं खून पाहतात. खऱ्या आयुष्यात मार त्यांनाच बसतो, आणि कोणी विचारलं तर ती शेवटचा शब्द उचलतात. आज सोसायटी म्हणाली, हा सगळं सांगतो. उद्या एखादा वकील म्हणेल, हा काहीही सांगतो. दोन्ही वेळा पोरगं खुर्चीवर एकटंच.

मी वाचलं आहे, की 'पॉक्सो' कायद्यामध्ये वकिलानं थेट मुलाला प्रश्न विचारायचा नाही, न्यायाधीशांमार्फत विचारायचा. आणि ३८व्या कलमात, मूल अपंग असेल तर विशेष शिक्षकाची किंवा त्या मुलाची संवादाची पद्धत ओळखणाऱ्या माणसाची मदत घेता येते. चांगलं आहे. पण तो कायदा लैंगिक गुन्ह्यांपुरता. बाकीच्या गुन्ह्यांत काय? २०१६च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम नाव घेऊन आहे, त्याचा ठाण्यात किती उपयोग? आणि ओळखणारा माणूस म्हणजे कोण, नंदू? आज आम्ही दोघं. आम्ही नसलो की?

एक सांगू? कोणी खरा थ्रिलर काढावा तर यातच आहे. पोरगं सुरुवातीलाच एक नाव घेतं, निरपराध माणूस आत जातो. आणि एक साधी कॉन्स्टेबल, जिच्या घरी असं मूल नाही, अचाट बुद्धी नाही, ती प्रश्न उलटा करून पाहते. मग बोलणं सोडून दोन फोटो समोर ठेवते. मग थांबते. नुसती थांबते, कारण आमच्या ओमला उत्तर द्यायला कधी कधी पूर्ण मिनिट लागतं आणि तेवढा वेळ कोणीच देत नाही. आई जिवंत ठेवा. ती सांगेल की मेट्रोची घोषणा म्हणजे भीती आणि बैलाची चाकं म्हणजे आता बरं वाटतंय. प्रेक्षक जागचा हलणार नाही, लिहून देतो. आणि मध्यंतराला तू पुन्हा डॉक्टरवरच संशय घेशील.

काल मारबतीच्या मिरवणुकीचा आवाज आमच्यापर्यंत आला. खिडक्या लावून, पंखा जोरात करून तिघं आतल्या खोलीत बसलो. आईनं सांबारवडी केली होती. ओमनं फक्त पारी खाल्ली, सारण माझ्या ताटात. एकूण दिवस चांगला गेला.

तुझं काय? मुलीची नीटची परीक्षा कशी गेली ते तू कळवलंच नाही. मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं, असं बंड्या म्हणाला. उगाच ढकलू नको. मुंबईचा फ्लॅट झाला का नावावर?

आता माझं काम. ओमच्या फाइलमध्ये त्याच्या यूडीआयडी कार्डासोबत, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासोबत, ठेवायला मला एक पान हवं आहे. या मुलाला प्रश्न कसा विचारायचा, कसा नाही, कोणाला बोलवायचं, आणि कायद्यानं ते मागायचा त्याला कुठे हक्क आहे. पद्धत मी लिहून पाठवतो, कलमं तू घाल. कोर्टाच्या मराठीत लिहू नको. ठाण्यातल्या हवालदाराला, शाळेच्या बसवाल्याला, सोसायटीच्या वॉचमनला उभ्या उभ्या वाचता आलं पाहिजे. आणि खाली आमच्या दोघांच्या नंबरानंतर तिसरा नंबर तुझा टाकतो आहे. त्यासाठी डिसेंबरात चार दिवस ये, हॉटेलात नाही, घरीच. त्याच्याजवळ बसून त्याची पद्धत शिकून घ्यावी लागेल. पहिले दोन दिवस तो तुझ्याकडे पाहणार नाही, मनावर घेऊ नको.

तुझा,
विलास

ता. क. पान दिवाळीआधी पाठव. सीमा रोज विचारते.