प्रशासकच बरे होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'नगरसेवकांपेक्षा प्रशासक बरे, कामं तरी मुकाट होत होती,' असं आपल्या नाशिकमध्ये बरेच जण बोलून दाखवतात. त्यांचा वैताग खोटा नाही, महासभेतली हमरीतुमरी सगळ्यांनी पाहिली आहे. पण मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यापासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत काय चालत होतं? अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचं आणि प्रशासक म्हणून मंजूरही त्यांनीच करायचं. माणूस कितीही सचोटीचा असो, स्वतःच्याच हिशेबावर हरकत कशी घेणार?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1861 मध्ये प्रातिनिधिक शासनावर ग्रंथ लिहिला. कारभार हाकणं हे प्रतिनिधींच्या सभेचं कामच नव्हे, ते जाणकारांनी करावं, असं तो म्हणतो. सभेने त्यांच्यावर नजर ठेवावी, जाब विचारावा, झालेलं चव्हाट्यावर आणावं आणि प्रत्येकाचं गाऱ्हाणं तिथे मांडलं जावं. सभागृहाला 'नुसती बडबड' म्हणून हिणवणारे तेव्हाही होतेच. (मिलचं सगळं पटावं असं नाही. शिकलेल्यांना जास्त मतं द्या म्हणणारा, ईस्ट इंडिया कंपनीत 35 वर्षं नोकरी केलेला हा गृहस्थ हिंदुस्थानला असलं शासन द्यायला तयार नव्हता. निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पिढीने मात्र तेच उदारमतवादी विचार पुढे करून इंग्रजांकडे प्रतिनिधित्व मागितलं!)

2025 च्या अखेरीस कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला. लोकांनी हरकती दिल्या, आंदोलनं केली, गावभर वाद झाला. ज्या सभागृहात 122 नगरसेवकांनी त्यावर बोलायचं, ते तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. आपल्या प्रभागाचा माणूस कुठल्या बाजूने उभा राहिला, हे विचारायचं कोणाला?

आता सभागृह आलं आहे, तर एवढं व्हावं. विषयपत्रिका सगळ्या प्रस्तावांसह आठवडाभर आधी संकेतस्थळावर टाकावी. ऐनवेळचे जादा विषय चर्चेविना मंजूर करू नयेत. कोण काय बोललं, मत कुठे दिलं, हे इतिवृत्तात नावानिशी यावं. चार-चार नगरसेवकांच्या प्रभागात एकमेकांकडे बोट दाखवणं फार सोपं असतं.

आणि संपादक महोदय, राजदंड कोणी पळवला त्याचा फोटो जरूर छापा, पण त्या दिवशी अंदाजपत्रकावर कोण काय बोललं त्यालाही शेजारी दोन कॉलम द्या.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक