कादंबरीकार दिसतो, संपादक दिसत नाही

संपादक महोदय,

भालचंद्र नेमाडे यांच्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला परिचयलेख वाचला. कादंबऱ्या आहेत, पुरस्कार आहेत, वाद तर आहेतच. समीक्षेची बोळवण मात्र 'याशिवाय'ने सुरू होणाऱ्या एका वाक्यात झाली आहे आणि संपादनाला तेवढेही मिळालेले नाही. असे लेख बहुधा पुस्तकांच्या मलपृष्ठावरून तयार होतात, आणि मलपृष्ठावर अनियतकालिके, म्हणजे ठरावीक मुदतीशिवाय निघणारे छोटे वाङ्मयीन अंक, नसतात.

'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. पुढची कादंबरी 'बिढार' १९७५ची. मधल्या बारा वर्षांना लेखात 'मौन' म्हटले आहे. पण साठच्या दशकात नेमाडे 'वाचा' हे अनियतकालिक चालवत होते, आणि 'मेलडी' हा कवितासंग्रह १९७०चा. अनियतकालिकाचा संपादक म्हणजे मजकूर मागवणारा, प्रुफे तपासणारा, छापखान्याची उधारी सांभाळणारा आणि शेवटी अंकांवर पत्ते लिहून ते पोस्टात टाकणारा, असा सगळा एकच माणूस. पैसे जमले की अंक, नाहीतर नाही. प्रतिष्ठित मासिके काय नाकारतात आणि का नाकारतात, हे त्याला रोजच्या टपालातून कळते. 'बिढार'चा नायक चांगदेव पाटील मुंबईत ज्या लिहिणाऱ्या, भांडणाऱ्या, अंक काढणाऱ्या मित्रांत वावरतो, ते जग असे आतून पाहिलेले आहे. 'वाचा' वगळून 'बिढार' वाचली की ती नुसती बेकारीची कादंबरी वाटते.

समीक्षेच्या बाबतीत घोळ होतो तो सालांचा. 'टीकास्वयंवर' हा समीक्षालेखांचा संग्रह १९९०मध्ये पुस्तकरूपाने आला, म्हणून त्यातले विचारही १९९०चे धरले जातात. त्यातले लेख आधीच्या दशकांतले आहेत. चांगदेवच्याच मालिकेतली 'झूल' १९७९ची. म्हणजे चांगदेवच्या कादंबऱ्या आणि कादंबरीविषयीची मांडणी साधारण एकाच काळात चालू होती. आधी कादंबऱ्या आणि उतारवयात सिद्धान्त, असे झालेले नाही. लेखसंग्रह हाती घेतला की आधी प्रत्येक लेख पहिल्यांदा कुठे आणि कधी छापला गेला ते पाहावे, मगच मुखपृष्ठामागचे साल. तिथेही 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' वेगळे धरावे लागते, नाहीतर तिसऱ्या आवृत्तीचे साल पहिल्या प्रकाशनाचे म्हणून पसरते. पुरस्कारांचेही तेच. साहित्य अकादमीचा १९९१चा पुरस्कार 'टीकास्वयंवर'ला, म्हणजे समीक्षेला आहे. तो 'कोसला'चा समजणारे पुष्कळ. ज्ञानपीठ २०१४चे, पण जाहीर झाले फेब्रुवारी २०१५मध्ये, म्हणून दोन्ही साले छापून येतात.

एकाच माणसाने कादंबरी, संपादन आणि समीक्षा करणे आपल्याकडे नवे नाही. 'मोचनगड' (१८७१) लिहिणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर 'विविधज्ञानविस्तार' मासिकाचे संपादक होते. ते जांबोटीचे, म्हणजे आपल्या गोव्याहून चोर्ला घाटापलीकडचे! नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती सांगताना 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' ही तीन टोके धरली, त्यातले एक हे.

गोव्याच्या वृत्तपत्राने तर आणखी एक गोष्ट सोडायला नको होती. नेमाडे गोवा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते, आणि इंग्रजीचा मराठीवर झालेला परिणाम तपासणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९९० साली पणजीहूनच प्रसिद्ध झाला. 'टीकास्वयंवर'चेही साल तेच. नेमाड्यांच्या देशीवादाला, म्हणजे साहित्य आपल्याच मातीत आणि परंपरेत रुजलेले असावे या भूमिकेला, परभाषाद्वेष म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी हे इंग्रजी पुस्तक उघडावे. वाक्यरचनेपर्यंत उतरून केलेले काम आहे ते.

राहिला प्रश्न 'वाचा'सारखे जुने अंक आज मिळण्याचा. त्या काळातला स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत पिना गंजून मधली पाने आधी सुटतात. ग्रंथालयात बांधणीला दिले की बाइंडर मुखपृष्ठ आणि जाहिराती काढून टाकतो. अंकाची तारीख, किंमत, छापखाना नेमके तिथेच असतात, म्हणून मग अंकांचा क्रमच लागत नाही. उपाय खर्चिक नाही. पिना काढून सुती दोऱ्याने टाके घालायचे, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत प्रत्येक पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करायचे (काळ्या-पांढऱ्यात पिवळ्या कागदावरची फिकट अक्षरे बुजतात) आणि सूचीत अंकाबरोबर प्रत्येक लेखकाची वेगळी नोंद ठेवायची. चिकटपट्टी अजिबात नको. काही वर्षांत तिचा गोंद अक्षरांसकट कागद खातो. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाने मराठी अनियतकालिकांसाठी असा वेगळा कप्पा करावा. घरोघरी पडलेले अंक पावसाळ्याआधीच गोळा करायला हवेत.

आपणही पुढच्या परिचयलेखासोबत तीन रकान्यांची सालवार चौकट द्या: कादंबरी, संपादन, समीक्षा. पाव स्तंभात मावेल. एखाद्या साली तिन्ही रकाने रिकामे दिसले, तर तिथे 'मौन' खुशाल लिहा.

— एक वाचक, म्हापसा