मसाल्याच्या पैजा आणि आपलं खातं : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. ना. श्री. नरहरी झिरवाळ,
मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

विषय : मुलांमधल्या मसाला खाण्याच्या पैजा आणि त्यांना खतपाणी घालणारी विक्री

माननीय झिरवाळसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पंचवटीत मसाला कांडपाचं दुकान चालवते. सासऱ्यांनी सुरू केलेला व्यवसाय आहे. होळीच्या आधीपासून मे अखेरपर्यंत आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. शहरातल्या तर येतातच, पण दिंडोरी, वणी, पेठकडच्या, म्हणजे आपल्याच भागातल्या बायका वाळवलेली मिरची आणि भाजलेला खडा मसाला घेऊन येतात आणि वर्षाचा मसाला कुटून नेतात. आपल्या खात्याची माणसं अधूनमधून मसाल्याच्या दुकानांत तपासणीला येतात. परवाना बघतात, नमुना घेतात, तिखटात रंग मिसळलाय का, हळदीत भेसळ आहे का हे पाहतात. हे काम व्हायलाच हवं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी लिहिते आहे ते जिथे भेसळीचा संबंधच नाही अशा गोष्टीबद्दल. घरच्या डब्यातला, निवडून भाजलेला, अगदी अस्सल मसालासुद्धा मुलाला दवाखान्यात पोचवू शकतो, आणि त्याकडे लक्ष ठेवण्याचं काम आज कोणत्याच खात्याकडे नाही.

मुलांच्या मोबाइलवर काय फिरतं ते आपल्या कानावर असेलच. चमचाभर दालचिनीची पूड पाण्याशिवाय गिळून दाखवायची. भूत जोलोकिया या जहाल मिरचीची एक चिप खाऊन पाच मिनिटं पाणी न पिता बसायचं. जायफळ किसून दुधातून घ्यायचं आणि काय होतं ते बघायचं. समोर मोबाइल धरलेला मित्र असतो, भोवती हसणारे चारपाच जण असतात. मधल्या सुट्टीत, क्लास सुटल्यावर, वाढदिवसाला हे चालतं. पैसा लागत नाही, दुकानात जावं लागत नाही, सगळं सामान आईच्या मसाल्याच्या डब्यात असतं. म्हणून घरातल्या मोठ्यांना संशयही येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या नववीतल्या एका मुलाने मित्राच्या वाढदिवसाला दालचिनीचा चमचा तोंडात टाकला. पहिला ठसका आला, ठसक्याबरोबर त्याने श्वास आत ओढला, आणि पूड श्वासनळीत गेली. घाबरलेल्या पोरांनी त्याच्या तोंडात पाणी ओतलं, त्याने तो आणखी गुदमरला. रिक्षातून नेईपर्यंत त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. त्याला लहानपणी बाळदमा होता, पण कित्येक वर्षांत त्रास नव्हता, म्हणून घरचेही विसरले होते. ऑक्सिजन लावला, वाफारे दिले, एक रात्र ठेवून घेतलं. मुलगा वाचला. केसपेपरवर मात्र ‘श्वास घेण्यास त्रास’ एवढंच लिहिलं होतं. दालचिनीचा उल्लेख नाही, पैजेचा नाही. सरकारी कागदावर त्या दिवशी नाशिकमध्ये काही घडलंच नाही, आणि अशी आणखी किती मुलं असतील ते आपण मागवलंत तरी कोणी सांगू शकणार नाही.

पूड म्हणजे काय चीज आहे ते आम्ही रोज पाहतो. कांडप यंत्र चालू असलं की दुकानात कोणीही तोंडाला फडकं बांधल्याशिवाय उभं राहत नाही. इतकी बारीक भुकटी एका जागी बसून राहत नाही, श्वासाबरोबर आत जाते. चमचाभर कोरडी पूड जिभेवर आली की तोंडातली सगळी लाळ ती शोषून घेते, गिळायला ओलावा उरत नाही आणि खोकला आवरत नाही. खोकल्यानंतरचा श्वास खोल असतो आणि तोच घात करतो. दालचिनी तर झाडाची साल. तिच्यात सेल्युलोजचे तंतू असतात, ते फुप्फुसात विरघळत नाहीत, सहजी बाहेरही पडत नाहीत. शिवाय सालीतलं तेल आतल्या नाजूक त्वचेची आग करतं. दमा असलेल्या मुलाच्या श्वासनळ्या अशा वेळी क्षणात आवळतात.

माझी लेक फार्मसी शिकली आहे. तिच्याकडून कळलं की अमेरिकेत हेच दहाबारा वर्षांपूर्वी होऊन गेलं. ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात २०१३ मध्ये त्यावर लेख आला होता. तिथल्या विषबाधा केंद्रांना दालचिनीच्या पैजेबद्दल २०११ मध्ये ५१ फोन आले, आणि २०१२ च्या पहिल्या सहा महिन्यांतच १७८. त्यातल्या ३० जणांना डॉक्टरी उपचार लागले. २०१५ मध्ये केंटकी राज्यात चार वर्षांचं एक मूल स्वयंपाकघरातली दालचिनी पूड तोंडात घालून, ती श्वासात जाऊन दगावलं. तिथे पैज वगैरे काही नव्हती, खेळता खेळता झालं. अमेरिकेला हे आकडे माहीत आहेत, कारण तिथे फोन घेणारं कोणीतरी त्यांची नोंद करत होतं.

जायफळाचं जास्त वाईट वाटतं, कारण ते आपल्या घरात इतकं मायेचं आहे. बाळगुटीत आजी सहाणेवर जायफळाचे एकदोन वेढे देते, त्याहून जास्त नाही. पुरणात, श्रीखंडात चिमूटभर घालतो. एक जायफळ घरात महिनोन् महिने पुरतं. एका जायफळाचं वजन साधारण पाच ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि विषबाधेची लक्षणं तेवढ्याच पुडीने दिसू शकतात. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, ओकाऱ्या होतात, माणूस भलतंसलतं बोलू लागतो, नसलेल्या गोष्टी दिसतात. कारण मिरिस्टिसिन नावाचा घटक. यातला खरा धोका वेळेचा आहे. परिणाम दिसायला तीन ते सहा तास लागतात. तेवढ्यात ‘काहीच होत नाही’ म्हणून मुलगा दुसरा चमचा घेतो. रात्री घरी त्रास सुरू होतो तेव्हा बरोबर खाणारे मित्र नसतात, आणि आईला कशाचाच अंदाज नसतो. एकदा त्रास सुरू झाला की तो दिवस-दीड दिवसही टिकतो.

आता मिरचीकडे येते, कारण तिथे विक्री आहे आणि विक्री म्हणजे थेट आपलं खातं.

आमच्याकडे लवंगी येते, संकेश्वरी येते, रंगासाठी ब्याडगी येते. या मिरच्यांवर पिढ्या वाढल्या. पण भूत जोलोकियाचं तिखटपण स्कोव्हिल मोजपट्टीवर दहा लाखांच्या वर जातं, २००७ मध्ये गिनीजने तशी नोंद केली. त्यानंतर कॅरोलिना रीपर आली, २०२३ मध्ये पेपर एक्स नावाची मिरची आली आणि आकडा २६ लाख ९३ हजारांवर गेला. नंतरच्या या दोन मिरच्या रोजच्या जेवणासाठी नाही, विक्रमासाठी पिकवल्या गेल्या. २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एका ३४ वर्षांच्या माणसाची केस छापून आली. मिरची खाण्याच्या स्पर्धेत त्याने एक कॅरोलिना रीपर खाल्ली आणि पुढचे काही दिवस त्याला डोकं फुटेल अशी कळ येत राहिली. तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या दिसल्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १४ वर्षांचा एक शाळकरी मुलगा असल्या पैजेची एक चिप खाऊन काही तासांत गेला. ती चिप शवपेटीच्या आकाराच्या डब्यात विकली जायची. मुलांनी खाऊ नये असं डब्यावर छापलेलं होतं. पुढच्या वर्षी शवविच्छेदनाचा अहवाल आला. त्यात हृदयक्रिया बंद पडल्याचं आणि त्याआधी कॅप्सायसिनचं, म्हणजे मिरचीतल्या तिखट घटकाचं, प्रमाण फार असलेला पदार्थ खाल्ल्याचं नमूद होतं. त्याच्या हृदयात जन्मापासूनचा एक दोष होता असंही त्यात म्हटलं होतं. हे वाचून काही लोक म्हणाले की मग दोष चिपचा कसा? मला उलट वाटतं. आपल्यापैकी कोणाच्या मुलाच्या हृदयात काय आहे हे कोणी तपासून ठेवलंय? डब्यावरच्या इशाऱ्याचा काहीच उपयोग झाला नाही, हे मात्र सगळ्यांना दिसलं. कंपनीने माल दुकानांतून परत घेतला. जून २०२४ मध्ये डेन्मार्कने कोरियन नूडल्सचे तीन तिखट प्रकार बाजारातून मागे घ्यायला लावले, नंतर त्यातल्या दोनांना पुन्हा परवानगी दिली. जुलै २०२४ मध्ये टोकियोत एकाच शाळेतल्या १४ मुलांना तिखट बटाटा चिप्स खाल्ल्यावर दवाखान्यात न्यावं लागलं. त्या पाकिटावरही अठराच्या वरच्यांसाठी असंच होतं.

साहेब, हाच प्रकारचा माल आपल्याकडे ऑनलाइन मागवता येतो. घरी आणून देणारा वय विचारत नाही.

नाशिकच्या मिसळीबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, आणि कोणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून आधीच सांगते की मिसळीवर माझा राग नाही, आमचा काळा मसाला कित्येक हॉटेलांत जातो. मिसळीच्या ताटाची रचनाच शहाणी आहे. रस्सा वेगळा येतो, तर्री वेगळी, बरोबर दही, पापड, कांदा, लिंबू. किती तिखट घ्यायचं ते खाणाऱ्याने ठरवायचं. पण आता काही ठिकाणी ‘दहा मिनिटांत संपवा, बिल माफ’ असे फलक लागतात, तर्रीत बाहेरून आणलेला मिरचीचा अर्क पडतो, आणि स्पर्धेला बसणारा सोळा वर्षांचा आहे की सव्वीस हे कोणी पाहत नाही. घाई, घड्याळ आणि भोवतीचा आरडाओरडा यामुळे माणूस शरीराचं ऐकत नाही. तोंड भाजल्यावर थांबणं ही शरीराची सोय आहे, आणि स्पर्धेत तीच मोडायला शिकवतात.

यावर कायदा नाही असं म्हणता येणार नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३०(२)(अ) खाली राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना लोकहितासाठी एखाद्या पदार्थाची विक्री एक वर्षापर्यंत थांबवता येते. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा याच कलमाने बंद केला. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत असा २०२० चा नियम आहे. त्याच अंतरात तिखटाच्या पैजेचा माल चालतो, हे कसं? मुलांना धोकादायक वागण्याचं उत्तेजन मिळेल अशी जाहिरात करू नये असं केंद्राच्या २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. एप्रिल २०२४ मध्ये द्रवरूप नायट्रोजनमुळे धूर निघणारी बिस्किटं खाऊन कर्नाटकातला एक मुलगा कळवळल्याचा व्हिडिओ फिरला, तेव्हा तमिळनाडूच्या अन्न सुरक्षा विभागाने द्रवरूप नायट्रोजनच्या वापरावर लगेच बंधन घातलं. मग आपल्याला कोणी दगावण्याची वाट कशाला पाहायची?

माझी मागणी अशी. पैज म्हणून विकल्या जाणाऱ्या अतितिखट चिप्स आणि अर्कांची विक्री महाराष्ट्रात कलम ३०(२)(अ) खाली थांबवावी. ते लगेच शक्य नसेल तर निदान अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद, ऑनलाइनसुद्धा. हॉटेलांच्या परवान्यात घड्याळ लावून होणाऱ्या तिखट खाण्याच्या स्पर्धांबद्दल स्पष्ट अट घालावी. आणि सिव्हिल हॉस्पिटलपासून ग्रामीण रुग्णालयांपर्यंत केसपेपरवर ‘पैजेत खाल्लेला मसाला’ अशी नोंद करायची सूचना आरोग्य खात्यामार्फत जावी, म्हणजे पुढच्या वर्षी आपल्यासमोर आकडा तरी असेल.

शाळांचंही बघावं. शालेय शिक्षणमंत्री दादाजी भुसे मालेगावचे, आपण दिंडोरीचे. दोन्ही खाती आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशिकातच आहे. विद्यापीठातल्या तज्ज्ञांकडून एक पानाचं पत्रक लिहून घ्यायला किती दिवस लागतील? पत्रकात भीती घालू नये, कृती सांगावी. पूड घशात गेली तर मुलाला पुढे वाकवून खोकू द्यावं, तोंडात उरलेली पूड थुंकायला लावावी, धाप लागलेली असताना पाणी ओतू नये, ओकारी काढायला लावू नये. मिरचीची आग पाण्याने जात नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. श्वास नीट चालू असेल तर दूध किंवा दही द्यावं. छातीत दुखलं, श्वास घरघरला, मूल बरळू लागलं तर १०८ ला फोन करावा. आणि सर्वांत आधी, काय आणि किती खाल्लं ते डॉक्टरांना न लपवता सांगावं. पोरं मारापायी लपवतात, आणि त्यात मोलाचे तास जातात. घरच्यांसाठीही एक ओळ त्यात हवी : त्या रात्री मुलावर ओरडू नका.

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत आपलं खातं गुंतलेलं असेल, याची मला कल्पना आहे. पण हे पत्रक जूनमध्ये शाळा उघडण्याआधी निघू शकतं. ते निघालं की माझ्या दुकानात, कांडपाला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या पिशवीत मी स्वतः एक प्रत टाकेन. पंचवटी आणि रविवार कारंजा भागातल्या ओळखीच्या मसालेवाल्यांशी बोलले आहे, तेही वाटायला तयार आहेत. छपाईचा खर्च आम्ही करू. मजकूर मात्र सरकारचा हवा, त्यावर खात्याचा शिक्का हवा, कारण माझ्यासारखीचं म्हणणं नववीतली मुलं ऐकणार नाहीत.

कळावे,
आपली विश्वासू,
एक मसाला कांडप व्यावसायिक
पंचवटी, नाशिक