डनबारांचा आकडा सगळे सांगतात, काम कोणी सांगत नाही

संपादक महोदय,
मैत्रीवरच्या लेखात १५० चा आकडा हमखास येतो (माणूस साधारण इतक्याच लोकांशी नातं टिकवू शकतो म्हणे), पण तो काढणाऱ्या ब्रिटिश संशोधक रॉबिन डनबार यांच्याबद्दल दोन ओळी पण नसतात म्हणून लिहितेय. हा माणूस १९७० च्या दशकात इथिओपियाच्या डोंगरात गेलाडा माकडं बघत बसायचा, कोण कोणाच्या केसात बोटं घालून किती वेळ साफ करतंय ते टिपायचा, मग १९९२ मधे मेंदूच्या निओकॉर्टेक्सचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, आणि कळपाच्या आकाराचा संबंध मांडला, माणसासाठी आकडा आला साधारण १४८. २०२१ मधे स्टॉकहोमच्या संशोधकांनी या गणितावरच आक्षेप घेतला, तो पण छापा की. मला मात्र ती केसातली बोटंच जास्त महत्त्वाची वाटतात. आई आजारी होती तेव्हा शेजारच्या काकू रोज तिची वेणी घालायला यायच्या.
– एक वाचक, पुणे