टोरेंट मंदावले, तर कारण ग्राहकाला कळायला हवे

संपादक महोदय,

घरच्या ब्रॉडबँडवर टोरेंट (एकच फाइल तुकड्यातुकड्यांनी अनेकांच्या संगणकांवरून उतरवण्याची पद्धत) रखडते अशी तक्रार केली की कॉल सेंटरचे उत्तर ठरलेले असते : ‘स्पीड टेस्ट करा.’ टेस्टमध्ये पूर्ण वेग दिसतो आणि तक्रार बंद होते. पण टेस्टचा सर्व्हर बहुधा कंपनीच्याच नेटवर्कमध्ये किंवा अगदी लगत असतो. टोरेंटचे तुकडे जगभरातल्या संगणकांवरून येतात. शिवाय टोरेंट म्हणजे चोरीचे सिनेमे, ही समजूतही चुकीची आहे. उबुंटू, डेबियन, लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरच्या अधिकृत फायली टोरेंटने मिळतात.

दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाच्या शिफारशी स्वीकारून परवान्यातच अट घातली : कोणताही मजकूर अडवायचा नाही, मंदावायचा नाही, कुणाला झुकते माप द्यायचे नाही. वाजवी वाहतूक नियंत्रणाला मुभा आहे; मात्र ते गरजेपुरते, तात्पुरते आणि उघड असले पाहिजे. रोज रात्री गुपचूप टोरेंटचा गळा आवळणे या मुभेत बसत नाही. अडचण एवढीच की ते सिद्ध करायचे ग्राहकाने.

ते घरबसल्या बऱ्यापैकी जमते. वायफाय टाळून लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. उबुंटूची डेस्कटॉप आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल, सहा जीबीच्या आसपास) आधी ब्राउझरमधून, मग टोरेंटने, मग व्हीपीएन (आपली वाहतूक कंपनीला ओळखता येऊ नये अशी झाकून नेणारी सेवा) लावून टोरेंटने उतरवा. दुपारी एकदा, रात्री नऊनंतर एकदा. इथे एककाचा घोळ होतो : १०० एमबीपीएसचे कनेक्शन म्हणजे सेकंदाला कमाल १२.५ एमबी, आणि टोरेंटचे सॉफ्टवेअर एमबीतच वेग दाखवते. रात्री ब्राउझरचाही वेग पडत असेल तर लाइनवर गर्दी आहे. ब्राउझर ११ एमबीवर, टोरेंट ०.२ वर आणि व्हीपीएनमधून तेच टोरेंट ७-८ वर जात असेल, तर टोरेंट ओळखून रोखले जात असल्याचा दाट संशय घ्यायला जागा आहे. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट ठेवा.

त्याआधी आपल्या बाजूची कारणे तपासा. टोरेंटची अपलोड मर्यादा लाइनच्या अपलोड वेगाच्या ८० टक्क्यांवर ठेवा. अपलोड तुंबले की डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात आणि सगळेच रखडते. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला असल्याने बाहेरचा संगणक आयपीव्ही४ (जुन्या पत्तापद्धती) वरून स्वतःहून तुमच्याशी जोडून घेऊ शकत नाही. मोजकेच सीडर (पूर्ण फाइल इतरांना पुरवणारे संगणक) असलेली फाइल त्यामुळे अडते; उबुंटूसारख्या शेकडो सीडरवाल्या फाइलला फारसा फरक पडत नाही, म्हणूनच चाचणीला ती घ्यायची. आणि ‘अनलिमिटेड’ प्लॅनची डेटामर्यादा पाहा. अनेक प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी असते, अपलोडही त्यात धरले जाते.

अमेरिकेत २००७ मध्ये कॉमकास्टचे बिंग असेच ग्राहकांच्या चाचण्यांतून फुटले. कंपनी दोन संगणकांच्या मध्ये जोडणी तोडायला सांगणारी खोटी ‘रीसेट’ पॅकेट (डेटाचे छोटे गठ्ठे) घुसवत होती. समोरच्यानेच फोन ठेवला असे दोघांनाही वाटायचे. पकडले गेले ते दोन्ही टोकांची पॅकेट ताडून पाहिल्यामुळे. तिथल्या नियामकाने २००८ मध्ये कंपनीला हे थांबवायला सांगितले, पण २०१० मध्ये न्यायालयाने तो आदेशच रद्द केला, कारण नियामकाचा अधिकार कायद्यात स्पष्ट नव्हता. आपल्याकडे अट परवान्यात आहे. मग तिची अंमलबजावणी ग्राहकाच्या स्क्रीनशॉटवर का सोडायची? वाहतूक नियंत्रणावर देखरेखीसाठी बहुपक्षीय मंडळ असावे, अशी शिफारस ट्रायने सप्टेंबर २०२० मध्येच केली आहे. दूरसंचार विभागाने ते कामाला लावावे. तसेच प्रत्येक प्लॅनच्या पत्रकावर तीन गोष्टी छापणे सक्तीचे करावे : सीजीनॅट आहे का, मर्यादेनंतरचा वेग किती, आणि कोणत्या वाहतुकीवर केव्हा नियंत्रण येते.

तोवर तक्रार करताना डॉकेट क्रमांक घ्यायला विसरू नका. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. उत्तर पटले नाही तर त्या क्रमांकावर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर निर्विवाद खुला आहे.

– एक नेटवर्क अभियंता, पुणे