जुने विमान उडवायचे तर आधी पंचांग पाहा

महोदय,

जुनी विमाने पुन्हा उडती करण्याचा विषय निघाला, की २०१८ मध्ये हवाई दलात आलेल्या ‘परशुराम’ या डकोटा जातीच्या मालवाहू विमानाचे उदाहरण हमखास दिले जाते. पण ते विमान अंगभर पत्र्याचे, आणि त्याची दुरुस्ती झाली ब्रिटनमध्ये. टायगर मॉथसारखे, म्हणजे पोलादी नळ्यांच्या धडाचे आणि लाकूड-कापडाच्या पंखांचे जुने प्रशिक्षण विमान रत्नागिरीत किंवा सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर शेड घालून उभे करायचे, तर ‘२६ जानेवारीला उडवू’ म्हणण्याआधी पंचांग पाहावे.

पावसाळ्यात फक्त उघडणे आणि तपासणे. जुन्या पंखांचे सांधे बहुधा केसीनच्या, म्हणजे दुधातल्या प्रथिनाच्या सरसाने जोडलेले असतात. ओल लागली की त्याला बुरशी धरते आणि बाहेरून धडधाकट दिसणारा सांधा हाताने सुटतो. धडाच्या पोलादी नळ्या आतून गंजतात, त्यातही शेपटीकडच्या सखल टोकाला. तिथे टोच्या दाबून पाहावा. रुतला, तर तेवढी नळी कापून नवी जोडायची. चांगल्या नळीत बारीक छिद्रातून गरम अळशीचे तेल घालावे, सांगाडा सगळ्या बाजूंनी फिरवावा, तेल निथळू द्यावे आणि छिद्र बंद करावे.

कापडावर डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारा लेप, चढवण्याचे काम मात्र डिसेंबर-जानेवारीतच, आर्द्रता ७० टक्क्यांखाली असेल तेव्हा. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर वाफ धरते आणि थर पांढरा पडतो. हा नुसता डाग नव्हे, तो थरच कमकुवत असतो. वरून रंग मारून झाकणारे महाभाग असतात, म्हणून लिहिले.

टायगर मॉथचे जिप्सी मेजर इंजिन १३० अश्वशक्तीचे, पण उलटे टांगलेले, सिलिंडर खाली. विमान बंद उभे राहिले की तेल सिलिंडरांत उतरते. मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारे यंत्र) बंद ठेवून पंखा हाताने फिरवावा. अडला तर जोर न लावता प्लग काढून तेल काढावे, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. पंपावरचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल नको: ते पाणी धरते, जुने रबर फुगवते आणि इंधनाची पातळी दाखवणाऱ्या कॉर्कच्या तरंग्यावरचा लाखेचा थर विरघळवते.

उड्डाणाआधी दांडा डावीकडे केल्यावर डावे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वरच जाते ना, हे दोघांनी स्वतंत्रपणे पाहावे. तारा उलट जोडल्या गेल्याने विमाने पडली आहेत. पहिले उड्डाण सकाळी, मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा) मंद असताना, समुद्रावरचा खारा वारा सुटण्याआधी. एकच वैमानिक, आणि इंजिन बंद पडले तरी धावपट्टी गाठता येईल एवढ्याच अंतरात. सडा, म्हणजे कातळाचे पठार, संपला की खाली दरी आणि आंबा-काजूच्या बागा, उतरायला जागा नाही.

मूळ टायगर मॉथच्या चाकांना ब्रेक नसतात, शेपटीखाली चाकाऐवजी घसरती पट्टी असते. गवतात ती रुतून वेग कमी करते, डांबरावर नुसती झिजते. त्यामुळे ब्रेक आणि शेपटीचे चाक बसवायचे की नाही, हे कापड चढवण्याआधीच ठरवून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी घ्यावी.

– एक विमान देखभाल अभियंता, रत्नागिरी